हिशेबाची वही आणि अर्थशास्त्राचा तास

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीच्या परिसरात भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)





अर्थशास्त्राचे शिक्षण आणि रोजचा व्यवहार या विषयावर मी दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. मी कोणी मोठा अर्थतज्ज्ञ नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. तेव्हा मोठे सिद्धांत सांगत बसण्यापेक्षा, रविवारच्या वर्गात मुलांबरोबर जे करून पाहिले आणि करताना जे चुकले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात माझ्या एका फजितीपासूनच करतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारावीतला एक चांगला मुलगा वर्गात येईनासा झाला. चौकशी केली तेव्हा कळले की, तो इथल्याच एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला लागला आहे. मी त्याच्या घरी गेलो. शिक्षणाचे महत्त्व, तालीमचा दर्जा, उद्याचे भविष्य, असे बरेच काही बोललो. त्याच्या अब्बांनी शांतपणे ऐकून घेतले. चहा झाल्यावर ते म्हणाले, "सर, तुमचं सगळं खरं. पण पोरगा आज एवढे पैसे आणतोय. तीन वर्षं कॉलेज करून आल्यावर किती आणील, तेवढं आकड्यात सांगा. मग काढतो कामावरून."

मला आकडा सांगता आला नाही. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एका बापाने अर्थशास्त्राचाच प्रश्न विचारला आणि माझ्याजवळ उपदेशाखेरीज काही नव्हते. मागणी-पुरवठ्याच्या रेषा मी फळ्यावर शेकडो वेळा काढल्या होत्या. पण आपल्या मोहल्ल्यातल्या माणसांना काय मजुरी मिळते, ती पाच वर्षांत किती वाढते, कोणत्या शिक्षणाला या वसाहतीत काय भाव आहे, हे मी कधी मोजलेच नव्हते. त्या रात्री मी ठरवले की, आता हे मुलांच्या हातूनच मोजून घ्यायचे.

हल्ली ज्याला 'डेटा ॲनालिसिस' म्हणतात, त्याला आपण साध्या भाषेत असे म्हणू : माहिती गोळा करणे, ती निवडणे, मांडणे आणि तिचा अर्थ लावणे. नाव नवे असले तरी वस्तू नवी नाही. सूरह अल-बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असा आदेश आहे. ऐकलेली बातमी पारखून घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये, हीही आपली शिकवण आहे. इब्न खल्दून यांनी 1377 साली 'मुकद्दमा' लिहिला. त्यात त्यांनी इतिहासकारांनी सांगितलेले सैन्याचे फुगवलेले आकडे तपासून नाकारले. एवढी माणसे त्या मुलखात मावतील काय, त्यांना रसद पुरेल काय, असे ते विचारतात. सांगोवांगीचा आकडा आणि पारखलेला आकडा यांतला फरक आपल्या पूर्वसूरींनी सहाशे वर्षांपूर्वी ओळखला होता, हे मुलांनी ध्यानात घ्यावे.

आपल्या देशातले अर्थशास्त्रही असेच मोजमापातून उभे राहिले. दादाभाई नौरोजींनी 1876 साली हिंदुस्थानातील माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपयांच्या घरात असल्याचे दाखवले आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी त्याची तुलना केली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची घरोघर फिरून पाहणी केली आणि ती 1917 साली प्रसिद्ध झाली. नुसत्या शेतीवर गावाचे भागत नाही आणि बाहेरच्या मजुरीवर अनेक घरे तगून आहेत, हे त्यातून दिसले. ते पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडच्या उद्योगनगरीत सामावून गेले आहे. कागलच्या आसपासच्या गावांनी यावर विचार करण्यासारखा आहे.

आणि कोल्हापूर? पुण्यात 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्या संस्थेतर्फे एन. व्ही. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. तिचे तीन भाग 1948 ते 1952 या काळात प्रसिद्ध झाले. लोकसंख्या, उद्योग-व्यापार व मजूर आणि कौटुंबिक जीवन असे त्यांचे विषय होते. म्हणजे आपल्याच शहराच्या दारोदार जाऊन, वही-पेन्सिल घेऊन अर्थशास्त्र लिहिले गेले आहे. मग आपल्या मुलांनी ते फक्त गाईडमधून का पाठ करावे?

आता आमच्या वर्गाचे सांगतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही वसाहत कागल आणि हातकणंगले अशा दोन तालुक्यांत पसरली आहे. कापड आहे, ओतकाम आहे, यंत्रांचे सुटे भाग आहेत. आपल्यापैकी कित्येक पालक इथेच पाळीवर जातात. इतकी मोठी प्रयोगशाळा दाराशी असताना आम्हांला दुसरी शोधण्याची गरज नव्हती.

पहिला धडा अगदी सोपा घेतला. मुलांना लक्ष्मी टेकडीच्या बाजूला, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर, सकाळच्या पाळीच्या वेळी उभे केले. दुचाकी किती, कंपनीच्या बसगाड्या किती, पायी किती, हे ताळ्याच्या खुणांनी मोजायचे. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. दोन मुले शेजारी-शेजारी उभी राहून एकच गोष्ट मोजत होती. तासाभराने आकडे ताडून पाहिले, तर दोघांचे जुळेनात! एकाने दुचाकीवरची माणसे मोजली होती, दुसऱ्याने दुचाक्या. मुले हसली, पण धडा कायमचा शिकली. काय मोजायचे हे आधी ठरवले नाही, तर मोजणी कितीही मन लावून केली तरी फुकट जाते. वर्गात याला व्याख्या म्हणतात. इतकी वर्षे मी ती पाठ करून घेत होतो, आता ती मुलांना कळली.

दुसरा धडा पगाराच्या पावत्यांचा. ज्या पालकांनी राजीखुशीने दिल्या, त्यांच्या बारा महिन्यांच्या पावत्या नाव-नंबर कापून वर्गात आणल्या आणि महिन्यावार मांडल्या. मूळ वेतन, भत्ते, भविष्यनिर्वाह निधीचे 12 टक्के, कर्मचारी विम्याचे पाऊण टक्का, व्यवसाय कर, असे एकेक रकाने पाडले. एका मुलीने विचारले, "सर, फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का कापलेत?" कोणी म्हणाले खाडा झाला असेल, कोणी म्हणाले उचल घेतली असेल. मग सगळ्या पावत्या पाहिल्या, तर ज्यांचा ज्यांचा व्यवसाय कर कापला जातो त्या प्रत्येकाच्या पावतीत तोच महिना आणि तेच शंभर रुपये. आपल्या राज्यात हा कर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये असतो. वर्षाचे 2500 पुरे व्हावेत म्हणून. एका पावतीत दिसले तर तो योगायोग असू शकतो. सगळ्यांत तेच दिसले तर त्यामागे काही नियम आहे असे समजून शोध घ्यायचा. ज्या पालकांनी वर्षानुवर्षे ही पावती घडी करून कपाटात ठेवली, त्यांना त्यांच्या मुलीने ती वाचून दाखवली.

तिसरा धडा सरासरीचा, आणि तो सर्वांनीच ऐकावा. समजा, दहा जण कामाला आहेत. नऊ जणांना महिना 12,000 रुपये मिळतात आणि दहावा मॅनेजर आहे, त्याला 62,000. सर्वांची बेरीज 1,70,000. सरासरी आली 17,000. आता मला सांगा, 17,000 मिळणारा त्या दहांत कोण आहे? एकही नाही! पण जाहिरातीत किंवा एजंटाच्या तोंडी हाच आकडा येतो. म्हणून सरासरीबरोबर मध्यक पाहावा. सर्वांना चढत्या क्रमाने उभे करावे आणि मधल्याला विचारावे, तुला किती? तो सांगेल, 12,000. हे उदाहरण मुलांनी आधी वहीत सोडवले, मग संगणकावर एक्सेलमध्ये. संगणक दोन्ही उत्तरे क्षणात देतो. पण दोहोंपैकी कोणते विचारायचे, हे संगणक सांगत नाही. ते माणसालाच कळावे लागते.

चौथा धडा महागाईचा. घरातल्या किराण्याची एकच यादी घ्या. तोच तांदूळ, तेच तेल, तीच डाळ, तेवढ्याच वजनाची. दर तीन महिन्यांनी तिचा भाव लिहा. समजा, पगार 15,000 होता आणि यादी 5,000 रुपयांत येत होती. म्हणजे एका पगारात तीन याद्या. पुढे पगार 16,500 झाला आणि यादी 6,000 ला गेली. आता एका पगारात पावणेतीनच याद्या बसतात. पगार दीड हजाराने वाढला म्हणून पेढे वाटले, पण त्या यादीपुरता तरी तो घटलाच! नाममात्र वेतन आणि वास्तव वेतन यांतला भेद मुलांना असा घरच्या डब्यांतून कळतो. सरकार महागाईचा निर्देशांक काढते, तोही याच रीतीने काढते. फक्त यादी मोठी असते आणि बाजार अनेक असतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या अब्बांनी विचारलेल्या आकड्याकडे. मुलांनी आपापल्या ओळखीच्या कामगारांना चारच प्रश्न विचारले. शिक्षण किती, कामाला कधी लागलात, सुरुवातीचा पगार किती, आजचा किती. मला वाटत होते की, जितके शिक्षण जास्त तितका पगार जास्त, असे स्वच्छ चित्र निघेल आणि मी ते अभिमानाने त्या घरी घेऊन जाईन. तसे झाले नाही. ज्यांनी आय.टी.आय. किंवा डिप्लोमा केला होता, त्यांचा पगार काळाबरोबर चढताना दिसला. दहावी-बारावीवर सरळ कंत्राटात गेलेल्यांचा बराचसा तिथेच घुटमळत होता. पण आणखीही एक गोष्ट दिसली. काही पदवीधर मुले त्याच लाइनवर, बारावीच्या मुलांच्या शेजारी, जवळपास तेवढ्याच पगारावर उभी होती. हातात पदवीचा कागद होता, पण कारखान्याला किंवा कचेरीला उपयोगी पडेल असे काम येत नव्हते.

मित्रहो, हा निष्कर्ष मला आवडला नाही. क्षणभर वाटले की, तेवढी पाने बाजूला ठेवावीत. पण मुलांसमोर असे केले असते, तर मी शिकवलेले सगळे मीच पुसले असते. आकडा आपल्या बाजूने बोलला तर घ्यायचा आणि उलट बोलला तर लपवायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत.

त्याचबरोबर मुलांना हेही सांगितले की, आपण ओळखीच्याच माणसांना विचारले आहे आणि तीही थोडकीच आहेत. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे. पण भात नीट ढवळलेला असेल तरच! वरवरचेच शीत उचलले तर तळाला करपल्याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या पाळीचे, दुसऱ्या गावचे, परप्रांतातून आलेले कामगार आमच्या वहीत नव्हतेच. तेव्हा हे उत्तर आपल्या गल्लीपुरते आहे. साऱ्या वसाहतीबद्दल त्यावरून बोलू नये.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. वर्गात मी एका घराचे उत्पन्न नाव न घेता वाचून दाखवले. पण मोहल्ला लहान. पोरांनी लगेच ओळखले, आणि संध्याकाळपर्यंत ते घरोघरी झाले. ते गृहस्थ पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. कोणी विश्वासाने सांगितलेली माहिती ही अमानत आहे. तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन नियम आहेत : विचारल्याशिवाय लिहायचे नाही, आणि ओळखू येईल असे वाचायचे नाही.

पालकहो, आपल्या समाजाच्या दृष्टीनेही याला मोठे महत्त्व आहे. आपल्याविषयी फार बोलले जाते, मोजले कमी जाते. मुसलमानांची मुले मदरशातच जातात, असा समज सर्रास होता. न्यायमूर्ती सच्चर यांच्या समितीने 2006 साली आकडे पुढे ठेवले. शाळेत जाण्याच्या वयातील सुमारे 3 टक्केच मुले मदरशात शिकत होती. 2001 च्या जनगणनेत देशभर मुसलमानांतील साक्षरता 59.1 टक्के होती, तर सर्वांची सरासरी 65.1 टक्के. पण महाराष्ट्रात मुसलमानांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा थोडी वरच होती. याच समितीने हेही दाखवले की, पदवीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण आपल्यात देशाच्या सरासरीच्या जवळजवळ निम्मेच आहे. पहिल्या आकड्याने आपल्यावरचा आरोप दूर होतो, शेवटचा आपल्याला आरसा दाखवतो. दोन्ही घ्यावे लागतात.

आणि ते आकडे आता जुने झाले. 2021 ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे जिथे जनगणनेचा आधार लागतो तिथे 2011 च्याच आकड्यांवर काम चालवावे लागले. तेवढ्या काळात या माळावर किती शेड उभ्या राहिल्या, किती खोल्या भाड्याने गेल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मग आपल्या मोहल्ल्यात किती मुली दहावीनंतर थांबल्या आणि का थांबल्या, हे मोजायला आपण कोणाची वाट पाहतो? ज्या दिवशी आपली मुले ते मोजून, नीट तक्ता करून या संस्थेच्या सभेपुढे ठेवतील, त्या दिवशी शिष्यवृत्तीचा पैसा कुठे घालावा, हा वाद पाच मिनिटांत मिटेल.

माता-भगिनींसाठी एक सांगतो. एका विद्यार्थिनीने आपल्या अम्मीचा एक दिवस घड्याळ लावून लिहिला. पाणी, स्वयंपाक, धुणे, आजारी सासूचे पथ्यपाणी. आणि शेवटी लिहिले, 'उत्पन्न : शून्य'. तिला 2019 ची देशव्यापी वेळ-वापर पाहणी दाखवली. त्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे आढळले आहे. ती मुलगी म्हणाली, "सर, शून्य हा शब्द खोडू का?" मी म्हटले, खोड आणि तास लिही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाठातला तो उतारा त्या वर्गाला पुन्हा शिकवावा लागला नाही.

विद्यार्थ्यांनो, यासाठी फार साहित्य लागत नाही. एक शंभर पानी वही, आणि आठवड्यातून दोन तास संगणक. राज्य शासनाची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि प्रत्येक जिल्ह्याचे 'सामाजिक व आर्थिक समालोचन' मराठीत मिळते. आपल्या तालुक्याचे एक कोष्टक दर आठवड्याला उतरवून काढा आणि त्यावर स्वतःची पाच वाक्ये लिहा. वर्षभरात तुम्हांला जे येईल, ते कोणतेही गाईड देणार नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये, गुणवत्ता विभागात, बँकेत, पतसंस्थेत, हिशेबनिसाच्या कचेरीत, सगळीकडे कोष्टक मांडता आणि वाचता येणारा माणूस लागतो.

पालकांना माझ्या तीन विनंत्या आहेत. घरखर्चाची वही मुला-मुलीच्या हाती द्या. पगाराची पावती त्यांना वाचू द्या, त्यात कमीपणा नाही. आणि रविवारी सकाळी दोन तास त्यांना वर्गाला सोडा.

राजर्षी शाहू महाराज याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले. 1906 साली त्यांनी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. ज्या समाजाच्या शिक्षणाची काळजी एका राजाने वाहिली, त्या समाजाने आपल्या मुलांचा दोन तासांचा हिशेब ठेवू नये, हे बरे दिसत नाही.

जाता जाता, तो मुलगा. तो कामावरून निघाला नाही. त्याच्या घरची गरज खरी होती, आणि माझ्या वहीतल्या आकड्यांनीही त्याच्या अब्बांना चूक ठरवले नाही. पण आम्ही ती वही तिघांनी मिळून वाचली. नुसती पदवी पुरत नाही आणि नुसती मजुरीही पुढे नेत नाही, हे दोघांनाही पटले. आज तो पाळी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवीचा अभ्यास करतो आणि रविवारी वर्गाला येतो. मागच्या महिन्यात त्याने आपल्या लाइनवर रोज किती नग नापास होतात त्याचा तक्ता स्वतःच वहीत मांडला. कोणत्या दिवशी जास्त आणि कोणत्या पाळीत, हे त्याला आता शोधायचे आहे. त्याच्या सुपरवायझरने ती वही मागून घेतली आहे.

पुढे काय होईल, ते मी आज सांगणार नाही. ते आम्ही मोजू आणि पुढच्या मेळाव्यात आपल्यापुढे ठेवू.